अप्पांची घंटी

लाईट गेली की माझ्या दुकानातला ब्लूटूथचा डोंगल झोपायचा. एवढी साधी गोष्ट कळायला मला महिना लागला, आणि तोवर वडील, म्हणजे आमचे अप्पा, मागच्या खोलीत बटण दाबत पडून राहिले.

दिंद्रुडच्या स्टँडजवळचं हे दुकान मूळचं अप्पांचं, किराण्याचं. मोबाईल आले तसं मी तिथंच रिचार्ज मारायला आणि लोकांच्या मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायला लागलो. लॅपटॉप जुना, त्यावर लिनक्स, कारण लोकांच्या मेमरी कार्डांतून विंडोजला रोज व्हायरस लागायचा. अप्पा म्हणाले होते, "काय बी विक, पर गादीचा कायदा मोडायचा न्हाई." कायदा एकच. सकाळची भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक पैसे टाकेपर्यंत, गादीवरच्या माणसाला घरातून हाक मारायची नाही. आईला एकदा विंचू चावला, तर तिनंसुद्धा साखरेचं गिऱ्हाईक जाईस्तोवर दात आवळून दम धरला होता. आम्ही हे हसत सांगायचो.

मग अप्पांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. डाव्या हातातही जोर उरला नाही, एक बोट तेवढं हलायचं. शेत आईनंच धरलं होतं, ती सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. दिवसभर घरात मी आणि अप्पा, मधे भिंत. म्हणून माझ्याकडचा बिनवायरचा माऊस मी त्यांच्या बोटाखाली ठेवला. दाबला की लॅपटॉपला खोचलेला बोटभर डोंगल इशारा पकडायचा, घंटी वाजायची आणि मी लघवीचं भांडं घेऊन धावायचो. पहिल्यांदा वाजली तेव्हा अप्पा अर्ध्या तोंडानं का होईना, हसले.

पण घंटी कधी वाजायची, कधी नाही. आत जावं तर धोतर ओलं आणि अप्पांनी मान भिंतीकडं फिरवलेली. ज्या माणसानं उभ्या जन्मात डागाचं धोतर नेसलं नाही, त्याला लेकानं पुसून काढायचं! माझ्या जिवाचं पाणी व्हायचं आणि राग निघायचा डोंगलवर. सेल बदलले, लॅपटॉप भिंतीला चिकटवून ठेवला, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. तपासायला बसलं की मेलं ते शहाण्यासारखं वाजायचं. आई म्हणाली, "तुज्या मशिनीला काय बी कळंना. दोरीला घंटी बांध की!" आता दोरी ओढायला हातात जोर नको?

मी तपासायचो ते लाईट असताना. लोडशेडिंगमध्ये बॅटरी वाचवायची म्हणून सगळी खटपट बंद. एका दुपारी माऊस हातात असतानाच लाईट गेली. दाबलं, घंटी वाजली. जरा वेळानं पुन्हा दाबलं, तर चिडीचूप. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. बॅटरीवर आला की लॅपटॉप काटकसर करायचा, जे जरा वेळ रिकामं बसलंय त्याचा वीजपुरवठा तोडायचा. अप्पा दोन-तीन तासांतून एकदा दाबणार, तोवर डोंगल ढाराढूर. लॅपटॉप चालू होताना जे हुकूम वाचतो त्यात मी एक ओळ घातली : याला झोपवायचं नाही. त्यानंतर लाईट असो नसो, घंटी वाजायला लागली. अप्पांचं धोतर कोरडं राहायला लागलं. मी स्टँडवरून पेढे आणले, घ्या!

पुढं थंडीत एका सकाळी लाईट नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं आणि घंटी गप्प. मला वाटलं, झोपला परत. बघतो तर डोंगल जागा, त्याचा निळा दिवा चालू. तरी काढला, परत घातला, लॅपटॉप बंद करून चालू केला. शेवटी आत गेलो. अप्पा कमरेपर्यंत भिजून थंडीनं थडथड उडत होते. बोट माऊसवरच होतं. मी ओरडलोच, "अप्पा, कावून दाबलं न्हाई?"

त्यांनी तोंड वाकडं करत जोर लावला. "भ... भ..."

दुसऱ्या 'भ'ला मला कळलं. भवानी व्हायची होती. मी तसाच ओल्यात बसलो आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडलो.

दुसऱ्या दिवसापासून आई शेतात जाण्याआधी रस्त्यावरून फिरून दुकानात यायची. गादीवर नाणं ठेवून भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं म्हणायची, "भवानी झाली बरं का!" लगेच घंटी वाजायची.

उन्हाळ्यात अप्पा गेले. दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी आई सवयीनं समोरून आली. नाणं ठेवलं. "भवानी झाली बरं का," म्हणाली, पण हळू. मग आम्ही दोघंही लॅपटॉपकडं बघत उभे राहिलो. लाईट गेलेली होती. डोंगलचा निळा दिवा चालू होता.