सरांनी तयार ठेवलेली वाक्यं

काय काय बिघडू शकतं हे आधी ओळखण्यात आमच्या शेजारच्या जावाच्या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बोईसरात सापडणार नाही. स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत ते मुलांना जावा नावाच्या भाषेत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. प्रोग्रॅम चालताना काही बिनसलं की ते एक्सेप्शन, आणि ते झेलायला कॅच. फाइल सापडली नाही तर एक कॅच, आकड्याच्या जागी अक्षर आलं तर दुसरा, आणि काहीही झेलणारा मोठा कॅच सगळ्यात खाली. "मोठ्याला वर, दारातच बसवलंत तर सगळं तोच गिळेल, मागचे उपाशी! जावा असला प्रोग्रॅम चालूच देत नाही," असं ते मुलांना बजावतात. संसारही याच पद्धतीने. पालघरला लग्नाला निघाले की चप्पल तुटली तर दुसरी चप्पल, जेवण संपलं तर दशम्या, आणि लग्नच मोडलं तर मुलीच्या वडिलांशी काय बोलायचं तेही पाठ. वहिनी म्हणतात, "अहो, निदान अक्षता पडेपर्यंत तरी गप्प बसा!"

नवापूरची एक कोळ्यांची मुलगी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. एमआयडीसीतल्या एका कंपनीत तिची प्रोग्रॅम लिहायची परीक्षा होती. ही नोकरी मिळाली नाही तर क्लास बंद आणि लग्न, असं घरी ठरलेलं. सर मला घेऊन गेटबाहेर उभे राहिले. नापास झाली तर काय बोलायचं, परीक्षा पुढे गेली तर काय, सगळं त्यांनी ठरवलं होतं. "रडली तर मात्र तुम्ही बोलायचं. ते मला जमत नाही."

ती घामाघूम होऊन बाहेर आली. "सर, घाईत मोठा कॅच वरती टाकला. प्रोग्रॅम चालंच ना!"

सरांनी डोळे मिटले.

"मंग तुमी वर्गात वरडता ते आठवलं. नेला त्याला खाली."

"मग?"

"मंग काय सर, चालला! सोमवारपासून ये बोलले."

पास झाली तर काय बोलायचं, तेवढंच सरांनी ठरवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वाट्याला तर फक्त तिचं रडणंच आलेलं.

"सर, काय तरी बोला ना!"

"जेवलीस का?" सर कसेबसे म्हणाले.

आता ती कंपनीच्या बसने जाते. खोलीसमोरून जाताना खिडकीतून हात करते. सर शिकवता शिकवता थांबतात, ओठ जरासे हलतात. तोवर बस पुढे गेलेली असते.