दिव्यावरची पट्टी

गाडीचं काम झालं की सगळे हात धुतात. दिगंबर मास्तर काम सुरू करायच्या आधी धुवायचे.

सोनईत माझं गॅरेज आहे. एका शनिवारी एक किडकिडीत माणूस स्कूटर ढकलत दारात आला. कपाळाला गंध, शर्टावर तेलाचे डाग, म्हणजे शिंगणापूरला शनीला तेल घालून आलेला. मला वाटलं, म्हणेल गाडी बघा. तर म्हणाला, "साबण आहे का?" कोपरापर्यंत हात धुतले, स्वतःच्या पंच्याला पुसले आणि मग पाना मागितला.

मी म्हणालो, "मास्तर, उलटं करताय. हात नंतर धुवायचे असत्यात."

पाटीवरचं माझं नाव वाचून ते म्हणाले, "आप्पा, माझ्या हाताला कालच्या गाडीची घाण आहे. ती आजच्या गाडीला कशाला लावू?"

'मास्तर' मी आपलं तोंडाकडं बघून म्हणालो होतो, पण निघाले खरेच मास्तर. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर जवानांना गाड्या दुरुस्त करायला शिकवलेला माणूस. त्या दिवसापासून दर शनिवारी दर्शन झालं की ते माझ्या गॅरेजात टेकायचे. खिशात पेनाच्या जागी जुने स्पार्क प्लग. कुणी इंजिनाची तक्रार सांगायला लागला की त्याचं बोलणं मध्येच तोडायचे, "गोष्ट नको. प्लग दाखवा." प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असलं की मान डोलवायचे. काळं असलं की इंजिन पेट्रोल जास्त पितंय. पांढरं असलं की गप्प व्हायचे. पांढरं म्हणजे इंजिन उपाशी आणि आतून भाजतंय.

मी चौथी शिकलेला माणूस. पण कार्बोरेटरच्या गाड्या मी नुसत्या कानावर लावल्या आहेत. पेट्रोल सोडणारा जेट बदलायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, कान लावायचा, झालं. मग पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवणाऱ्या गाड्या आल्या. मास्तर तेव्हा रिटायर झालेले. ह्या वयात त्यांनी लॅपटॉप घेतला, मुलीच्या वयाच्या एका इंजिनिअर बाईकडून वहीत उतरवून घेऊन त्या संगणकात पेट्रोलचं माप भरायचं मॅपिंग शिकले. मी लई हसलो. म्हणालो, "मास्तर, गाडी दुरुस्त करताय का तलाठ्याचा दाखला काढताय?"

"दाखलाच आहे हो," ते म्हणाले. "इंजिनाला कधी किती घास द्यायचा, त्याचा."

आमचं भांडण सायलेन्सरवरून सुरू झालं. पोरांना कंपनीचा सायलेन्सर नको, बाहेरचा हवा, आवाजाचा. मास्तर म्हणायचे, तो बदलला तर मॅपिंग बघा; मी म्हणायचो, काय लागत न्हाई. एका गाडीला मी नुसता मागचा डबा बदलून दिला. मास्तरांनी हात धुतले, गाडी पळवून आणली, प्लग काढला. चहाचा रंग. "आप्पा, तुमचं बरोबर. याला मॅपिंग लागत नाही. मधला पाइप तोच, एअर फिल्टर तोच, इंजिनाला विशेष फरक कळलेलाच नाही."

हे मी अख्ख्या सोनईला सांगितलं. लष्कराचा मास्तर, पण आप्पापुढं हरला. माझं चुकलं ते तिथंच.

जावईबापूंनी नवी गाडी घेतली आणि इंजिनापासून शेपटीपर्यंतचा अख्खा पाइप मागवला, शिवाय मोकळा एअर फिल्टर. म्हणाले, "मामा, मास्तरांना विचारायचं का एकदा?"

"त्यांना कशाला? त्यांनीच कबूल केलंय मागं, काय लागत न्हाई म्हणून."

गुरुवारी मी तो बसवला. जुन्या पाइपात एक सेन्सर होता. जळलेल्या धुराचा वास घेऊन तो संगणकाला सांगतो, पेट्रोल कमी पडतंय का जास्त. नव्या पाइपाला त्याची जागाच नव्हती. मी सेन्सर काढून ताटलीत टाकला, वायर सीटखाली दुमडली. गाडी चालू केली, आवाज असा की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. रेस सोडली की मागून फाट फाट. जावईबापू खूश. फक्त मीटरवर एक पिवळा दिवा लागला तो विझेना. मी काळी टेप घेतली, नखाएवढी पट्टी कापली आणि दिव्यावर चिकटवली. "आता न्हाई दिसत," म्हणालो. दोघंही हसलो.

शनिवारी सकाळी जावईबापू आणि माझी सारिका त्याच गाडीवर संभाजीनगरला लग्नाला निघाले. जाताना जावईबापू म्हणाले, "हायवेला लागलो की बघतो मामा, किती पळतीय ते."

दहा मिनिटांनी मास्तर आले. हात धुतले. पुसता पुसता त्यांची नजर ताटलीत गेली.

"हा कुणाच्या गाडीचा?"

"जावयाच्या."

"पाइप अख्खा बदललात?"

"व्हय. फिल्टर पण."

"दिवा लागला असेल."

मी पाना पुसत राहिलो.

"आप्पा, दिवा लागला असेल, मी विचारतोय."

"लागला हुता. पट्टी लावली."

मास्तर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी कुठं आहे?"

मी सांगितलं. कोण कोण गेलंय तेही सांगितलं. त्यांनी लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवली. मी सारिकाला फोन लावला. पाच वेळा लावला. नुसती रिंग वाजत राहिली. मग कळलं, तिला ऐकू येणार नाही. तो आवाज मीच बसवला होता.

माझ्या जुन्या शंभर सीसीवर आम्ही निघालो. मी पुढं, मास्तर मागं पिशवी छातीशी धरून. कडक ऊन. पिस्टन तापून सिलिंडरात अडकला की मागचं चाक पळत्या गाडीला जागेवर जाम होतं. मी हे एकदा पाहिलं आहे. त्या गाडीवरचा माणूस पुन्हा नीट चालला नाही, आणि तो एकटा होता.

"आप्पा, हळू."

"पोरगी हाय माझी!"

"म्हणूनच हळू. आपणच पडलो तर त्यांना सांगणार कोण?"

एकच आशा होती. घोडेगावच्या पुढं हायवेला एक रसवंती आहे. सारिका लहानपणापासून तिथं रस प्यायल्याशिवाय पुढं जात नाही. पण जावईबापू गाडी पळवायच्या नादात थांबले नसले तर? घोडेगाव गेलं. एक ट्रक, दुसरा ट्रक, उसाचा ट्रॅक्टर. मग लिंबाचं झाड दिसलं आणि झाडाखाली ती गाडी.

सारिकाच्या हातात ग्लास होता. जावईबापू हेल्मेट घालून गाडीवर बसलेले, किल्ली लावलेली.

"मामा? घरी काय राहिलं का?"

"किल्ली काढा," मी म्हणालो.

सारिका म्हणाली, "आप्पा, हे बघा ना. माझ्या चपलेचा तळ वितळला पाइपाला." इंजिनाजवळचा पाइप वांग्यासारखा जांभळा पडला होता.

आणि मास्तर? मास्तर रसवंतीवाल्याला विचारत होते, "पाणी आहे का हो, हात धुवायला?"

मी ओरडलो, "अहो हात कसले धुताय!"

त्यांनी सावकाश हात धुतले, पुसले. इंजिन जरा निवू दिलं. मग प्लग काढून तळहातावर घेतला आणि माझ्यापुढं धरला. चुन्यासारखा पांढरा. त्यावर बारीक चंदेरी कण, रव्यापेक्षा लहान.

"हा पिस्टन आहे, आप्पा," ते हळू म्हणाले, मला एकट्याला ऐकू येईल असं. "सुटायला लागला होता. फुल खेचली असती तर..."

जावईबापू उतरून जवळ आले. "मास्तर, काय भानगड आहे?"

मी खाली बघितलं. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते जावयासमोर त्या प्लगवर ठेवलेलं.

मास्तर म्हणाले, "काम अर्धं राहिलं होतं. इंजिनाचा श्वास वाढवला, तर घासही वाढवावा लागतो, तेवढं बाकी होतं. आप्पांच्या लक्षात आलं, म्हणून मला घेऊन आले." मग वाकून नखानं ती पट्टी सोलली. "ही आमची खूण असते. काम अपुरं आहे, याची."

जावईबापूंना पटलं; पट्टी लावताना मी हसलो होतो, ती त्यांनी थट्टा धरली. पट्टी मास्तरांनी फेकली नाही. लॅपटॉप उघडून पडद्याखालच्या कडेला चिकटवली आणि झाकण लावलं.

दोघं एसटीनं लग्नाला गेली, गाडी पिकअपमधून गॅरेजात आली. पुढचे दोन दिवस मास्तर भिंगारहून रोज येत होते. मी नव्या पाइपाला भोक पाडून सेन्सरसाठी नट वेल्ड केला. मास्तरांनी त्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे मला जन्मात जमलं नसतं." मग त्यांनी लॅपटॉप लावला. पेट्रोल वाढवायचं, मी गाडी पळवून आणायची, प्लग काढायचा. पांढरा. परत वाढवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लग चहाच्या रंगाचा निघाला. फाट फाट आवाज बंद झाला होता. तो आवाज ताकदीचा नव्हता, उपाशी इंजिनाचा होता.

आता कुणी विचारलं की मी सांगतो. नुसता मागचा डबा बदलला तर बहुतेक काही लागत नाही, तरी प्लग बघा. अख्खा पाइप आणि फिल्टर बदलला तर मॅपिंग केल्याशिवाय गाडी माझ्या दारातून जाणार नाही. आणि पोलिसांनी आवाजासाठी धरलं तर ते तुमचं तुम्ही बघा.

त्यानंतरही मास्तर दर शनिवारी यायचे. लॅपटॉप उघडला की पडद्याखाली ती पट्टी. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. एकदा मीच म्हणालो, "मास्तर, लॅपटॉपला कायतरी चिकटलंय."

"असू द्या. काम अडत नाही त्यानं."

गेल्या थंडीत मास्तर गेले. दोन शनिवार आले नाहीत, तिसऱ्या शनिवारी फोन आला. दहाव्याला भिंगारला गेलो. जावईबापूंनीच नेलं, त्याच गाडीवर. मास्तरांची मुलगी पुण्याला असते, ती त्यांच्या वस्तू आवरत होती. लॅपटॉप उघडून पुसायला लागली आणि कडेला नखानं खरवडायला लागली.

"काका, ही पट्टी कसली हो? बाबा हात लावू द्यायचे नाहीत."

जावईबापू माझ्या शेजारीच बसले होते. ते लगेच म्हणाले, "ती त्यांची खूण होती ताई, काम अपुरं असल्याची. मास्तरांनीच सांगितलं होतं मला."

मुलीनं मान हलवली. विषय तिथंच मिटत होता. मी काही बोललो नसतो तर कुणाला कळलं नसतं. खोटं मास्तर माझ्यासाठी बोलले होते आणि ते सोबत घेऊन गेले होते.

मी उठलो. मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. परत येऊन बसलो.

"पोरी, ती काढू नगं," म्हणालो. "ती माझी हाय." आणि जावईबापूंकडं तोंड करून, गुरुवारी पाइप बसवला तिथपासून सांगायला लागलो.