करडी गाडी

तेम्पेर्ले उपनगरातल्या त्या गल्लीत अकरा वर्षांत काही म्हणजे काही घडलं नव्हतं, आणि तेच एवारिस्तो लेदेस्माच्या मुळावर आलं.

कोपऱ्यावरच्या लाकडी चौकीत तो दिवसपाळीचा राखणदार. त्याचा पगार गल्लीतली घरं वर्गणी काढून देत. दुपारी सगळी गल्ली झडपा ओढून वामकुक्षीला गेली की माते नावाच्या कडवट चहाचे घोट घेत हा एकटा जागा. कुणाचं कुत्रं कुणाच्या दारात लोळतं, कुणाकडे नळवाला कितीला आला, सगळं तोंडपाठ. वय अठ्ठावन्न. या वयात त्याला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार होतं?

मार्चमध्ये दातांचे डॉक्टर पगानी शेजाऱ्याला सांगताना त्याने ऐकलं, "इथे चिटपाखरू फिरकत नाही. हा बाबा राखतो तरी काय? वर्षअखेर बंद करू या."

दुसऱ्या दिवशी एवारिस्तोने निल्दाबाईंना गाठलं. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या कानावर घातलं की गल्लीत वेगळी दवंडी लागत नसे.

"बाई, घाबरू नका, पण एक करडी गाडी दोनदा गेली. हळूहळू."

"कुणाची?"

"तेच तर. आपल्यातली नाही."

झालं! आठवड्याभरात प्रत्येक फाटकाला नवं कुलूप. वर्षानुवर्षं शीळ वाजवत येणारा धारवाला, त्यालाही कुणी सुरी देईना. एवारिस्तोने गाडी बेतानेच आणली. कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. कधी आत एकटा, कधी दोघं. पगानी डॉक्टर आता स्वतःहून नमस्कार करू लागले. वर्षअखेरचा विषय बंद. लोक सावध झाले, यात वाईट ते काय, असं तो बायकोला सांगे आणि शांत झोपे.

ऑगस्टमध्ये भर दुपारी निल्दाबाईंच्या अंगणातून त्यांच्या नातीची सायकल चोरीला गेली.

संध्याकाळी सगळे चौकीपुढे जमले.

"गाडीचा नंबर काय?" पगानींनी विचारलं.

"नीट दिसला नाही, डॉक्टर."

"पाच महिने दिसला नाही? माझ्या मेव्हणीच्या गाडीचा तर तुम्हाला पाठ आहे."

"आणि ती बरोब्बर आम्ही झोपलेलो असतानाच कशी हो येते?" निल्दाबाईंचा आवाज वर्गातला. "आमच्या झोपायच्या वेळा कुणाला ठाऊक आहेत?"

बाईंचा रोख एवारिस्तोच्या लक्षात आला. चोरांचा साथीदार! नोकरी गेली तर जाऊ दे, पण अकरा वर्षांची इभ्रत अशी मातीत घालायची? तो खरं बोलून मोकळा झाला.

"बाई, करडी गाडी नाहीच. कधीच नव्हती. तुम्ही मला काढाल या भीतीने मी रचलं सगळं. खोटारडा म्हणा हवं तर, पण चोर म्हणू नका."

पगानींनी मान हलवली. "घ्या. आता गाडीच नव्हती म्हणे."

"कुणाला वाचवताय, एवारिस्तो?" निल्दाबाई पुढे आल्या. "नव्हती कशी? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय ती, मंगळवारी. आत दोघं होते. आणि पुढे बसलेला मला तेव्हाच ओळखीचा वाटला होता."