भरलेलं पाणी

माझ्या मामेसासऱ्यांइतका पाण्याचा लोभी माणूस अख्ख्या सोलापुरात नसेल. नळाला पाणी येणार त्या दिवशी त्यांच्या घरी सणाची गडबड असते. बॅरल, घागरी, कळश्या भरून झाल्या की पातेली, मग वाट्या. एकदा तर सुनेची चहाची किटलीसुद्धा त्यांनी सोडली नाही. "भरल्यालं पानी टाकाय जीव व्हत न्हाय, जावईबापू," असं ते मला सांगतात. पाहुण्यानं पेल्यात घोटभर पाणी उरवलं तर ते तुळशीला जातं आणि पाहुणा मामांच्या मनातून उतरतो.

भित्रेही तेवढेच. उजनीच्या पुलावरून एसटी जायला लागली की डोळे गच्च मिटून घेतात. आणि अशा माणसानं लेक दिली कुठं, तर समुद्रकाठी, हर्णैला. तिच्या सासऱ्यांनी जयगडला एक जुनी, इंजिन बसवलेली शिडाची होडी विकत घेतली होती, ती घरी आणायची होती. मामा आणि मी तेव्हा लेकीकडंच उतरलो होतो. व्याह्यांनी सहज विचारलं, "येताय ना होडीनं?" मुलीच्या बापानं व्याह्याला नाही म्हणायचं नसतं. मामा "व्हय की" म्हणाले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. समुद्रात पाणी मिळेल न मिळेल म्हणून भरलेले दोन कॅनही बरोबर घेतले. ओकाऱ्या आणि चुळा यांत ते दुपारपर्यंत संपले.

मग वारा फिरला. पावसानं किनारा दिसेनासा झाला, इंजिन खोकून बंद पडलं आणि एक लाट सरळ आत आली. पाणी घोट्यापर्यंत चढलं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. सुकाणूला लटकलेले व्याही ओरडत होते, "उपसा! उपसा, नाहीतर गेलो!" मी डब्यानं उपसू लागलो, माझ्यामागं मामा तांब्यानं. पाणी काही हटेना. वळून पाहतो तर मामा उपसलेलं पाणी कॅनमध्ये ओतत होते! एक कॅन झाकण लावून बाजूला ठेवलेला, दुसरा गळ्यापर्यंत आलेला.

"मामा, बाहेर टाका!" मी किंचाळलो.

त्यांनी तांब्याकडं पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. "हात ऐकंना हो," ते रडवेले होऊन म्हणाले.

"लेकीचं तोंड बघायचंय ना?"

मग मात्र त्यांनी उपसलं. तांब्या लाटेबरोबर गेला तेव्हा ओंजळीनं उपसलं, आणि दर ओंजळीला लेकीचं नाव घेतलं.

व्याह्यांनी अर्ध्या शिडावर होडी कशीबशी हर्णैच्या धक्क्याला लावली. लेक वाट पाहत उभी होती. "अण्णा, भ्यालात व्हय?" तिनं बापाला विचारलं. व्याही शेजारीच होते. "छ्या! लई मजा आली की," मामा म्हणाले. माझं मनगट मात्र त्यांनी पुन्हा गच्च धरलं होतं.

परवा नळाच्या दिवशी त्यांच्याकडं गेलो होतो. बॅरल भरत आलं आणि मामांनी घाईनं नळ बंद केला. वरचं वीतभर रिकामंच राहिलं.

"अजून मावेल की, मामा."

"ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "पानी काठाला आलं की भ्या वाटतं."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याशेजारी बसलो, आणि या वेळी मनगट मी धरलं.