कौल लावून दिलेली साक्ष

देवबागची आनंदी मासे विकायला बसली की तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा. शर्मिलाच्या खुनाचा खटला संपला आणि तो आवाज बसला तो बसलाच. आरोपी सुटला, बांद्याला दुकान टाकून मोकळा झाला. आनंदीने पैसे खाऊन साक्ष बिघडवली, असं गाव म्हणू लागलं. शर्मिलाची आई सीता शेजारचीच. तिने दोन घरांमधल्या दगडी गडग्यातली वाट काटे घालून बंद केली.

आता आरोपीच्या वकिलाने त्या खटल्यावर पुस्तक लिहिलं. अशा माणसांना लिहायलाही सुचतं! पुतण्या प्रितेशने ते मालवणातून आणलं. चौथी शिकलेली आनंदी बोट ठेवून ठेवून वाचत गेली आणि स्वतःच्या नावापाशी येऊन थांबली.

त्या पहाटे शर्मिलाच्या मागोमाग खाडीकडे गेलेला माणूस तिने डोळ्यांनी पाहिला होता. पण एखाद्याला फासाकडे न्यायचं म्हणजे काय खायचं काम? पोलिसांकडे जाण्याआधी तिने देवळात मूर्तीला कळ्या चिकटवून कौल लावला. देवाच्या उजव्या अंगाची कळी पडली, म्हणजे होकार आला, तेव्हा कुठे तिचं पाऊल उचललं. कोर्टात वकिलाने गोड आवाजात विचारलं, "इतक्या उशिरा का गेलात?" तिने सरळ सांगून टाकलं, "देवान कौल दिल्यान, म्हणान गेलंय."

वकिलाला तेवढंच हवं होतं. बाईला माणूस डोळ्यांनी नाही, कळीने ओळखता आला, असं त्याने कोर्टाच्या गळी उतरवलं. पुस्तकात मात्र लिहिलं होतं, 'ही बाई पैशाने फुटली नव्हती. उशिराच्या कारणाबद्दल ती खोटं बोलली असती, तर खटला मी हरलो असतो.'

आनंदी ढसाढसा रडली. मेल्याने उशिरा का होईना, खरं लिहिलं. पुस्तक पदराखाली घेऊन, काटे बाजूला सारून ती सीताच्या दारासमोरच्या खळ्यात गेली.

"वाच गो सीता. मी पैशे खावक नाय."

सीताने ते पान दोनदा वाचलं.

"माजा चुकला," ती म्हणाली. आनंदीच्या जिवात जीव आला.

मग पुस्तक मिटून सीताने हळूच विचारलं, "पण तुका तो डोळ्यांनी दिसललो मां? मगे देवाक कित्याक विचारलंस?"

आनंदीने पुस्तक उचललं. आली तशी ती परतली, आणि जाताना गडग्यातले काटे स्वतःच्या हाताने पुन्हा लावून गेली.