बारशाच्या दिवशी दारात टँकर

माझ्या नातीच्या बारशाला निम्मं शहर आलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात रिकामे ड्रम होते.

यात माझी काहीही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे, पण हे कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातले, जगातली प्रत्येक गोष्ट "जाऊ दे" म्हणून निकालात काढणारे. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. मला "जाऊ दे" म्हणताच येत नाही. रोज सकाळी चहाबरोबर मी पेपरची शहर पुरवणी उघडते, आणि चहा निवायच्या आत माझं डोकं तापलेलं असतं.

त्या सकाळी पहिल्या पानावर मोठा मथळा होता : जायकवाडी काठोकाठ भरलं, दरवाजे उघडले. सोबतच्या फोटोत पाणी असं उसळत होतं की पेपर हाताला ओला लागावा. आणि आतल्या पानावर, तळाला, मुंगीच्या अक्षरांत : तांत्रिक कारणामुळे आमच्या भागाचं पाणी पुढे ढकललं. आमच्याकडे नळाचं पाणी तसंही सणासारखंच येतं, म्हणजे कधी आहे ते आधी शोधावं लागतं. आता सणही लांबला.

"धरण भरलंय आणि आपला हौद कोरडा," मी म्हटलं. "ह्याला काय म्हणायचं?"

"तांत्रिक कारण म्हणायचं," हे म्हणाले. "छापलंय की तिथं."

एरवी मी तेवढ्यावर भांडण आटोपतं घेतलं असतं. पण रविवारी बारसं होतं. केतकी, आमची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिचं सासर पैठणचं. म्हणजे त्याच धरणाच्या उशाशी. दुपारी विहीणबाईंचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडं पाण्याचं लई अवघड हाय म्हणं. आम्ही येताना जीपमधी कॅन भरून आणू का?"

बाई सरळ मनाच्या. काळजीनंच विचारलं असणार. पण मला ते असं झोंबलं की विचारू नका. मुलीच्या सासरच्यांनी बारशाला अंगडं आणावं, टोपडं आणावं, फार तर चांदीचा वाळा आणावा. पाणी?

"मुळीच आणू नका," मी म्हणाले. "इथं भरपूर आहे."

फोन ठेवला आणि तडक पेपरच्या कार्यालयात गेले. तिथं एक वार्ताहर मुलगी कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं टाइप करत होती. मी माझं निवेदन तिच्यापुढं ठेवलं. पाण्याचा प्रश्न, त्याची कारणं, जबाबदार कोण, त्यांना लाज का वाटत नाही, असं सगळं मुद्देसूद.

तिनं ते वरवर चाळलं. "मॅडम, प्रश्न सगळेच घेऊन येतात. आमच्या सदरात उपायही लागतो. तुमच्या वसाहतीत काही संधी वगैरे आहे का?"

संधी! पाणी नाही म्हणून आलेल्या बाईला ती संधी विचारत होती. माझ्या ओठांवर आलं होतं ते मी गिळलं, आणि गिळता गिळता मला आमची विहीर आठवली.

आमची वसाहत होण्याआधी तिथं शेत होतं, आणि त्या शेतातली विहीर आमच्या मोकळ्या मैदानात अजून आहे. वरती जाळी बसवलेली, जाळीला एक मोठं भगदाड, आणि त्या भगदाडातून लोकांनी निर्माल्यापासून मोडक्या खुर्च्यांपर्यंत काय वाटेल ते आत टाकलेलं. ती साफ केली तर निदान वापरायचं पाणी सगळ्यांना मिळेल. मी तिथंच बसून नवीन मजकूर लिहून दिला. रविवारी सकाळी श्रमदानाला या, बादल्या आणि दोर आणा, चहा-नाश्त्याची सोय आहे. खाली माझं नाव, पत्ता, फोन नंबर. (सकाळी लवकर श्रमदान, मग बारसं, असा माझा हिशेब. वसाहतीतली पाचसहा माणसं येतील, असंही मी धरलं होतं.)

रविवारी पेपर आला. मथळा होता : वसाहतीतल्या विहिरीला मुबलक पाणी. मी लिहिलेल्या मजकुरातला मधला परिच्छेद, म्हणजे विहीर कचऱ्यानं भरली आहे आणि ती साफ करायची आहे हा भाग, जागेअभावी उडाला होता. उरलं होतं ते असं : नागरिकांनी रविवारी सकाळी यावे, बादल्या व दोर सोबत आणावेत, चहा-नाश्त्याची सोय आहे.

मी वाचून पूर्ण करायच्या आत फोन वाजला.

"मॅडम, पिण्याचं आहे का वापरायचं?"

"अहो, ते चुकून छापलंय. पाणी नाहीये."

"संपलं का लगेच?"

त्यानंतर फोन थांबेचना. एकानं ओळख काढली, एकीनं माझ्या हाताखाली शिकल्याचं सांगून आधी नंबर लावायला सांगितला. मी प्रत्येकाला पेपरातली चूक समजावत होते, आणि प्रत्येकजण मला "ओळखीच्यांना देता, आम्हाला नाही" असं ऐकवत होता. शेवटी मी फोन बंद केला, तर दारातून आवाज यायला लागले.

बाहेर बघते तर रांग. बादल्या, कळश्या, कॅन, स्कूटरवर मागं बांधलेले ड्रम. एक रिक्षावाला थेट शहागंजहून निळं पिंप घेऊन आलेला. आमच्या अंगणात बारशासाठी मांडलेल्या खुर्च्यांवर लोक आरामात बसले होते. ह्यांनी तेवढ्यात चहाचं आधण ठेवलं होतं.

"तुम्ही चहा कशाला देताय त्यांना?" मी विचारलं.

"तू छापलंयस ना, सोय हाय म्हणून," हे म्हणाले. "पण पाणी संपत आलं बघ. निम्म्यांनाच पुरंल."

आणि त्याच वेळी पैठणची जीप गल्लीत शिरली. तिच्या मागोमाग, हॉर्न वाजवत, एक टँकर. टँकरवाल्यानं खाली उतरून मला विचारलं, "विहीर कुठंय बाई? भरून घेतो." म्हणजे पाणी पुरवायला नव्हे, न्यायला आला होता.

विहीणबाई ठेवणीतली पैठणी सावरत उतरल्या. रांग बघितली, टँकर बघितला, आणि कौतुकानं म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणालात ते खरंच हाय की. एवढं पाणी, लोकं न्यायला येतेत. बरं झालं कॅन नाय आणले."

त्या क्षणी घरातला हौद तळाला गेलेला, आचारी स्वयंपाकघरातून ओरडतोय की भाताला पाणी नाही, आत बाळ रडतंय, आणि केतकी खिडकीतून माझ्याकडे अशी बघतेय की मी तिची आई आहे हे तिला नुकतंच कोणीतरी सांगितलं असावं.

मी अंगणातल्या स्टुलावर चढले. लोकांना शांतपणे समजावायचं ठरवलं होतं. पण पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तो शहागंजचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, पेपर में छपा है ना, फिर देने का. हम क्या पागल हैं, सुबह सुबह इत्ते दूर आए?"

"सकाळचा धंदा बुडवून आलेत ते," मागून एक बाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत कळश्या होत्या. "आणि मी कामावर खाडा करून आले. पाणी येतं त्या दिवशी खाडा, नाही येत त्या दिवशी शोधायला खाडा. मालकीण म्हणते, तुझं रोजचंच झालंय. आता तुम्ही पण म्हणता पाणी नाही. मग छापता कशाला? गंमत करता का गरिबांची?"

धरणाचे आणि पाणी लांबल्याचे जे दोन मथळे मी वाचले होते, तेच तिच्याही वाट्याला आले होते. धरण भरलं तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही, आणि दोघींच्या घरी थेंब नव्हता. तिचा राग बरोबर होता. फक्त तो माझ्यावर निघत होता, कारण या शहरात पाण्याच्या बाबतीत नाव, पत्ता आणि फोन नंबर देणारी मी पहिलीच व्यक्ती होते.

मग माझा तोल गेला. इतक्या वर्षांचा वर्गावरचा आवाज मी एका दमात बाहेर काढला.

"पाणी आहे! विहीर आहे, तिच्यात पाणीही आहे. पण त्याच्यावर आपण सगळ्यांनी मिळून कचरा टाकलाय. धरणातलं पाणी आणणं माझ्या हातात नाही. हा कचरा काढणं तुमच्या आणि माझ्या हातात आहे. दोर आणलेत, बादल्या आणल्यात. पाणी पाहिजे ना? मग चला, नाहीतर माझ्या खुर्च्या मोकळ्या करा, माझ्याकडे बारसं आहे."

ती कळश्यावाली बाई म्हणाली, "कुठंय विहीर?" आणि चालायलाच लागली.

लोक खुशीनं गेले असं मी म्हणणार नाही. चिडून गेले. रिक्षावाल्यानं दोराला लोखंडी आकडा बांधला आणि पहिली खुर्ची शिव्या देत बाहेर ओढली. मग गाद्या निघाल्या, देव्हारा निघाला, मागच्या निवडणुकीतला हात जोडलेला उमेदवार फ्लेक्सवरून निघाला. त्याला बघून लोकांनी जे सुनावलं ते बारशाच्या गोष्टीत लिहिण्यासारखं नाही. टँकरवाला परत जाऊन जवळच्या एका बोअरवरून थोडं पाणी घेऊन आला आणि आधी आमचा हौद भरला. "बारसं हाय म्हणून," एवढंच म्हणाला.

बारसं झालं, पण गल्लीच्या पद्धतीनं झालं. घुगऱ्या वाटायला गेले तर हात चिखलानं माखलेली माणसं समोर. ती कळश्यावाली बाई पाळणा म्हणायला बसली आणि आमच्यापेक्षा सुरात म्हणाली. विहीणबाईंनी पैठणीचा पदर खोचून पुऱ्या वाढल्या. जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. घरात पाणी नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणाले.

"मग कॅन का नको म्हणालात?"

मी त्यांना आणखी एक पुरी वाढली.

विहीर एका दिवसात साफ झाली नाही. वसाहतीनं नंतर यंत्र लावून गाळ काढला, जाळी नवी बसवली, मोटार टाकली. आता वापरायचं पाणी गल्लीला मिळतं. नळाचं अजून पुढेच ढकललं जातं, आणि त्यावर माझा रोजचा संताप चालू आहे.

पेपरनं दुसऱ्या दिवशी बातमी मात्र मोठी छापली, रांगेतल्या कोणीतरी मोबाइलवर काढून पाठवलेल्या फोटोसकट. फोटो माझा. स्टुलावर उभी, तोंड उघडं, कपाळावर शिरा, बोट समोरच्या गर्दीवर रोखलेलं. खाली ओळ : विहिरीला पाणी लागल्याचे कळताच आनंद अनावर झालेल्या निवृत्त शिक्षिका.

मी लगेच चूक दुरुस्त करून घेण्यासाठी फोन उचलला. ह्यांनी पेपर हातात घेऊन बराच वेळ निरखला.

"चूक कुठाय?" ते म्हणाले. "हसतेच आहेस की."

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हणून केतकीला बोलावलं. तिनं फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, तुला एवढं खूश मी पहिल्यांदाच बघतेय."