'न' नव्हे, 'र'

आमच्या शेजारच्या गिरजाबाईंची कवळी बहुतेक वेळ खिडकीतल्या स्टीलच्या पेल्यातच असायची. ती तोंडात दिसली, की समजायचं, आज कुणाची तरी खैर नाही.

चरोद्याच्या रेल्वे यार्डात त्यांचे यजमान चंपतराव पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलायचे. ते गेल्यावर बाई त्यांच्या जागी रेल्वेत लागल्या. निवृत्त झाल्यावर कॉलनीबाहेर दोन खोल्या बांधल्या. मूलबाळ नाही. आपल्यामागे घर बुद्धविहाराला जावं आणि तिथे मुलींसाठी अभ्यासिका निघावी, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

"घरी टीव्ही, भांडे, पाव्हने. पोरी अभ्यास करतीन कुठी?"

अडचण छताची होती. विहाराच्या संघमित्राताई वर बघून म्हणाल्या, "गिरजाबाई, घरासोबत पोरींना छत्र्याही वाटायच्या का?"

त्याच आठवड्यात वैशाली नगरहून भाच्याचा, अभिनवचा फोन आला. कवळी पेल्यात. बाई म्हणाल्या, "मृत्युपत्र करून राहिली, बाबू. घर विहारले देतो."

रविवारी अभिनव पेढे घेऊन हजर. सोबत त्याचा बालवाडीतला मुलगा. मुलाचं नाव विहान.

"आत्या, दिल जीत लिया आपने. मले तं वाटलंच नव्हतं."

मी बाईंकडे पाहिलं. त्या बशीतल्या चहावर फुंकर घालत होत्या. "पोरं इथं बसतीन, तं छत गळून कसं चालन?"

छत झालं. मग फरशी, मग पंखे. अभिनव पदरचे पैसे घालून, स्वतः उभा राहून करवून घ्यायचा. भिंतींचा रंग विहानने निवडला, पोपटी.

एकदा मी दटावलंच, "मावशी, सांगून टाका ना त्याला."

"मी तं सांगतलंच. त्यानं काय आयकलं, थे त्याले पुस."

"कवळी घालून सांगा."

"जबडा दुखते वं."

वकील घरी आले त्या दिवशी बाईंनी पांढरी साडी नेसली आणि कवळी चढवली. साक्षीदार मी आणि समोरचे देवीदासजी. वकिलांनी मसुदा वाचायला घेतला. घर विहाराला, इथवर आले, तोच अभिनव म्हणाला, "वकीलसाब, टाइपिंग मिस्टेक है. र नहीं, न."

"रच हाये," बाई म्हणाल्या. अक्षर न् अक्षर खणखणीत. "वि-हा-र."

अभिनव छताकडे बघत राहिला. छत खरंच छान झालं होतं.

"आत्या, मतलब मैं इतने दिन…"

"तुयं वैशाली नगरात दुमजली घर हाये. त्यात किती पोरी बसवतं?"

तो म्हणाला, "पंखे तरी काढून नेऊ का?"

"ने. शिडी तुयीच हाये, आंगनात."

बाईंनी सही केली. मग आम्ही दोघांनी. अभिनव अंगणात गेला. शिडी ओढल्याचा आवाज आला आणि बाईंची मान पहिल्यांदाच दाराकडे वळली.

तो रिकाम्या हाताने परत आला. "मागच्या खोलीत एकच पंखा आहे. पोरींले गरम होईन. एक और लगवा देता हूँ."

बाईंनी कवळी काढून पेल्यात टाकली.